एकोणीस किलोचा क्लच

मिस्त्रीच्या तोंडून ‘माझं चुकलं’ हे शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते. नट निसटून पायावर पडला तर चूक नटाची, पाना घसरला तर पाना बनवणाऱ्याची, आणि दुरुस्त करून दिलेली गाडी आठ दिवसांत परत आली तर चालवणाऱ्याच्या सात पिढ्यांची. त्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की बहुतेक वेळा त्याचंच खरं निघायचं. बावीस वर्षं त्याच दोन लिफ्टखाली मान वर करून उभा राहिलेला माणूस तो. इंजिन सुरू केलं की बॉनेट उघडण्याआधीच दुखणं सांगायचा. तेव्हा गिऱ्हाइकं त्याचा तोरा मुकाट्याने सोसायची आणि बाहेर पडली की त्याच्या नावाने खडे फोडायची.

सगळ्यात जास्त खडे फोडायचा त्याचा धाकटा भाऊ. नाव बारक्या आणि उंची सहा फूट. मिस्त्रीपेक्षा अकरा वर्षांनी लहान. आठवडाभर छापखान्यात मशीन चालवायचा आणि डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर शर्यत लागली की गाडी घेऊन पळायचा. एकेक गाडी सोडायची, वर पोचायला किती वेळ लागला ते बघायचं, अशी ती शर्यत. बारक्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. “दादा ज्या दिवशी म्हणेल ना, माझं चुकलं, त्या दिवशी मी गाडी चालवणं सोडीन. पैज.” हे तो जेवताना टाकायचा, गिऱ्हाइकांसमोर टाकायचा, बायकोसमोर टाकायचा. मिस्त्री मान वर न करता म्हणायचा, “म्हणजे कवळी लावूनसुद्धा चालवत बसशील.”

वरच्या मजल्यावर बारक्या, त्याची बायको आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी चिमी राहायची. बायको शिवणकाम करायची, म्हणून मिस्त्री तिला शिंपीणबाई म्हणायचा आणि ती ते चालवून घ्यायची. खाली गॅरेजच्या मागच्या खोलीत मिस्त्री एकटा. त्याने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “हाताला ग्रीसचा वास. माझ्यासमोर जेवायला कोण बसणार?” विचारणारा हसायचा आणि विषय तिथेच मिटायचा.

बारक्याची गाडी म्हणजे दोन दारांची, जुनी, ठेंगणी, लाल. तीन वर्षं दोघा भावांनी तिच्यावर जीव टाकला होता. हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, इंजिनाचा श्वास मोकळा केला, ताकद मूळच्या दुप्पट झाली, आणि मग जे व्हायचं तेच झालं. क्लच घसरायला लागला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र जागच्या जागी कुंथायची आणि आत जळका वास भरायचा. जुन्या क्लचला तेवढी ताकद धरून ठेवता येईना.

मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. क्लचला दाबून धरणारी, तगड्या स्प्रिंगची नवी प्रेशर प्लेट, तांबूस ठोकळ्यांची नवी क्लच प्लेट. इंजिनाच्या पाठीला जे जड चाक असतं ते फ्लायव्हीलसुद्धा बदललं. जुनं नऊ किलोचं, नवं पाच किलोचं. चाक हलकं झालं की इंजिन झटकन चढतं आणि झटकन उतरतं. पण डावा पाय नीट सुटला नाही तर चौकात गाडी बंद पडून चारचौघांत शोभा होते. बोल्ट सगळे नवे घेतले, समोरासमोरचे दोन-दोन करत मोजून आवळले. शेवटी त्याने आपला काटा काढला. हा काटा त्याने स्वतःच जुन्या वजनकाट्याची स्प्रिंग घालून बनवला होता. पेडलावर टेकवून दाबला की पेडल खाली जायला किती जोर लागतो ते किलोत दाखवायचा. आधी अकरा होते, आता एकोणीस. लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक गाडीचे आकडे लिहून ठेवायची त्याची पद्धत होती. तिथे त्याने बारक्याच्या गाडीसमोर ‘क्लच १९’ असं लिहिलं.

“मांडी कमवायला लागेल,” बारक्या पहिल्यांदा पेडल दाबून म्हणाला होता.

“ही गाडी आता आळशी पायाची नाही,” मिस्त्री म्हणाला. त्याला आतून गुदगुल्या होत होत्या, पण चेहऱ्यावर त्याने तसं काही येऊ दिलं नाही.

चार महिने गाडी बाणासारखी पळाली. बारक्याने स्वतःचीच जुनी वेळ अकरा सेकंदांनी मागे टाकली आणि छापखान्यात पेढे वाटावेत तसा तो आकडा वाटत फिरला. मग एका सकाळी कामावर जाताना तो गॅरेजच्या दाराशी थांबला आणि सहज बोलावं तसं बोलला.

“दादा, क्लच जड झालाय रे.”

मिस्त्रीच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच राहिला. हे वाक्य त्याने याआधी एकदा ऐकलं होतं. याच शब्दांत, जवळजवळ याच आवाजात.

तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि बारक्या चार. त्यांचे वडील, अण्णा, बस चालवायचे. एक दिवस जेवताना अण्णा म्हणाले, या बसचा क्लच जड झालाय. डेपोतल्या लोकांनी क्लच बदलला. अण्णा म्हणाले, अजून जडच आहे. त्यांनी पुन्हा बदलला, मग बसच बदलून दिली, आणि नव्या बसचाही क्लच जड निघाला तेव्हा डेपोत हशा पिकला. घरी पंधरा वर्षांच्या पोराची खात्री झाली की डेपोतले मिस्त्री एकजात नालायक आहेत, आपण असतो तर दोष शोधून काढला असता. तो या धंद्यात आला तो त्या रागापायी. पण दोष बसमध्ये नव्हता. काही दिवसांनी अण्णांचा डावा पाय उंबऱ्याला अडखळायला लागला. मग हातात काठी आली, मग खुर्ची, मग दुसऱ्याच्या हातातला चमचा, आणि शेवटी श्वास घ्यायलाही मशीन. सगळी मिळून चार वर्षं. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्या रोगाचं लांबलचक नाव सांगितलं आणि फाइल मिटता मिटता आईला म्हणाले, तुमच्या घरात हे रक्तातून आलेलं दिसतं. मुलांपैकी कुणाला होईल, कुणाला नाही, आज सांगता यायचं नाही. फाइल धरून मिस्त्री शेजारीच उभा होता.  घराच्या दाराशी थांबून आई एवढंच म्हणाली, “बारक्याला कळता कामा नये.” म्हणून बारक्याला सांगितलेली गोष्ट वेगळी होती. त्यात अण्णा बसच्या पायरीवरून पडले होते आणि कमरेला मार बसला होता.

तेव्हापासून मिस्त्री रोज सकाळी दात घासताना डाव्या पायाच्या चवड्यावर उभा राहून वीस आकडे मोजायचा. अण्णांचं दुखणं एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू झालं होतं. मिस्त्रीने एक्केचाळीस ओलांडली, पंचेचाळीस ओलांडली, आता अठ्ठेचाळीस चालू होतं. मध्ये कधीतरी त्याने मनाशी ठरवून टाकलं की टळलं, हे घर सुटलं. बारक्या अजून सदतीसचाच आहे, एवढं साधं गणित मात्र त्याने कधी केलं नव्हतं.

“तेलात हवा शिरली असेल,” तो बारक्याला म्हणाला. “सोडून जा गाडी.”

क्लचच्या तेलात हवेचा एक बुडबुडा नव्हता. तरी त्याने सगळं तेल काढून नवं भरलं आणि संध्याकाळी बारक्याला सांगितलं, “होती थोडी हवा.” बारक्या खूश झाला. आठ दिवसांनी परत आला. चौकात गाडी तीनदा बंद पडली होती. मागच्याने हॉर्न वाजवून डोकं उठवलं होतं.

“तुझं ते हलकं चाक,” बारक्या वैतागून म्हणाला. “आणि क्लच तर दगड झालाय. काहीतरी राहिलंय दादा तुझ्याकडून.”

एरवी एवढ्या बोलण्यावर मिस्त्रीने त्याला उभा सोलला असता. आज तो म्हणाला, “असेल. आठवडाभर गाडी राहू दे इथे. खोलून बघतो.”

बारक्या त्याच्याकडे बघतच राहिला. मग खांदे उडवून छापखान्याकडे निघाला. मिस्त्री दारात उभा राहून त्याची चाल बघत होता. डावा पाय किंचित फेकल्यासारखा पडत होता का? की आपल्याच डोळ्यांना तसं दिसतंय? कोपऱ्यावर बारक्या वळला आणि दिसेनासा झाला.

त्यानंतर मिस्त्रीने जे केलं त्याला काम म्हणणं अवघड आहे. तो शोध होता, आणि शोधत होता तो स्वतःची चूक. गिअरबॉक्स खाली घेतला. रिलीज बेअरिंग हातात घेऊन कानाशी फिरवलं; आवाज न करता, सरळ फिरलं. त्या बेअरिंगला ढकलणारा काटा वाकला असेल म्हणून सपाट काचेवर ठेवून पाहिला, वाकला नव्हता. क्लच प्लेट उलटी बसली असेल? नव्या शिकाऊ पोरांकडून होते ती चूक, चाकाकडची बाजू गिअरबॉक्सकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, देवा, मी शिकाऊ पोर असू दे. प्लेट सुलटी होती. बोल्ट तपासले, एक जरी सैल सापडला असता तरी त्याने त्याची पापी घेतली असती. सगळे जिथल्या तिथे, जसे आवळले तसे. बावीस वर्षांचा त्याचा तोरा त्या उघड्या गाडीखाली त्याच्यासमोर उभा होता आणि त्याला त्याची किळस येत होती.

सगळं परत बसवून त्याने पेडलाला जोर मोजायचा काटा लावला. एकोणीस. कपाट उघडून दारावरचा आकडा पाहिला. एकोणीस. मग त्याला काट्यावरच संशय आला. बाकाखाली जुनं फ्लायव्हील ठेवलेलं होतं, नऊ किलोचं. ते त्याने दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवलं. काट्याने नऊ दाखवले. त्याने ते उचललं, पुन्हा ठेवलं. नऊच. तो जमिनीवर बसला आणि बराच वेळ त्या चाकाच्या दातांवरून बोट फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई कुणाचा तरी अर्धा शिवलेला शर्ट हातात घेऊन खाली आली. कात्रीला धार लावून हवी होती.

“कात्री ठेव तिथे,” मिस्त्री म्हणाला. “आणि जरा गाडीत बस. मी खाली जातो, तू क्लच दाब. बेअरिंग ढकलणारा काटा पूर्ण सरकतो का बघायचंय.”

खालचं बघायला वर कुणीतरी पाय मारायला लागतोच. नेहमी हे काम बारक्या करायचा. शिंपीणबाई सीट पुढे ओढून बसली, शर्ट मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने टाके उसवता उसवता पाय मारायला लागली. गाडी लिफ्टवर नव्हती, जॅकवर होती; मिस्त्री फळीवर पाठ टेकून तिच्याखाली गेला. वर काटा सरकला, परत आला, सरकला, परत आला. अगदी शेवटपर्यंत.

“अजून किती वेळा?”

“वीस वेळा मार.”

“मोजायचे कुणी?” असं म्हणत तिने वीस वेळा मारले. मध्ये एकदाही थांबली नाही.

“जड लागतो का गं?” मिस्त्रीने खालून विचारलं. तोंड दिसत नव्हतं म्हणून विचारता आलं.

“जड आहे जरासा. पण दिवसभर मशीनवर पाय मारणाऱ्या बाईला काय त्याचं, दादा? ह्यांनी उगाच बोंब केली.” मग टाका तोडत ती म्हणाली, “तुमच्या भावाला जरा समजवा. पाय घासत चालतात. दोन महिन्यांत पँटच्या डाव्या पायाची दुमड मी दोनदा शिवली. फक्त डाव्याची, तीही पुढून. आणि डाव्या बुटाचं नाक पार झिजलंय. उजवा अजून नवाकोरा. असा कसा माणूस चालतो?”

मिस्त्री खाली पडून होता. त्याच्या डोळ्यांसमोर एक हात अंतरावर गिअरबॉक्सचं पोट होतं, कालच पुसून लख्ख केलेलं. त्याला वाटलं, ही गाडी जॅकवरून सुटून आत्ता माझ्यावर पडली तर बरं होईल. मग वर या पोरीचा पाय आहे हे आठवून तो भानावर आला.

“झालं,” तो म्हणाला. “जा तू. कात्री संध्याकाळी देतो.”

“सापडलं का काही?”

“सापडलं.”

ती गेली. जाताना म्हणाली, “बरं झालं बाई, रात्रंदिवस तेच चाललंय त्यांचं.”

डॉक्टरांकडे न्यायला हवं, हे मिस्त्रीला कळत नव्हतं असं नाही. पण डॉक्टर काय देणार हेही त्याला ठाऊक होतं. नाव देणार. अण्णांनाही नाव मिळालं होतं. नाव मिळालं त्या दिवसापासून अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले आणि नंतरची वर्षं नुसती मोजत राहिले. बारक्याला त्याआधी थोडे महिने मिळावेत. एक शर्यत, जमल्या तर दोन. तेवढं आपल्या हातात आहे असं मिस्त्रीला वाटलं. हातात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्याला ते फार मोठं वाटलं.

पुढचे दोन दिवस त्याने दाराला ‘बंद’ची पाटी लावली. गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. जड प्रेशर प्लेट काढली, तांबूस ठोकळ्यांची प्लेट काढली, पाच किलोचं चाक काढून फडक्यात गुंडाळलं. जुनं नऊ किलोचं फ्लायव्हील लेथवाल्याकडून घासून आणलं आणि पुन्हा त्याच्या जागी बसवलं. मूळच्यासारखाच मऊ, नवा क्लच घातला. टर्बोचा जोर इतका कमी केला की हा क्लच घसरू नये. तीन वर्षांत दोघांनी मिळून जे चढवलं होतं ते त्याने एकट्याने दोन दिवसांत उतरवलं. काट्यावर अकरा आले. कपाटाच्या दारावर मात्र त्याने ते लिहिले नाहीत.

सुटीच्या दिवशी सकाळी बारक्या खाली आला. मिस्त्री हात पुसत होता. पुसून झालेलेच हात तो पुसत होता.

“काय निघालं?”

“प्रेशर प्लेट चुकीची निवडली होती,” मिस्त्री म्हणाला. रात्री अंथरुणावर पाठ केलेलं वाक्य त्याने एका दमात म्हणून टाकलं. “या गाडीला एवढी जड नकोच होती. हलकं चाकही नको होतं. जुनंच परत घातलंय. जोर थोडा कमी वाटेल, पण पायाला त्रास नाही. माझं चुकलं.”

 मिस्त्रीला वाटलं होतं बारक्या नाचेल, वर जाऊन बायकोला ओढून आणेल, गल्लीभर सांगत सुटेल. एवढ्या वर्षांची पैज होती ती. बारक्या हसलासुद्धा नाही. त्याने खुंटीवरची किल्ली घेतली, गाडी बाहेर काढली आणि गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत मिस्त्रीने ऐकला. जाडजूड, झोपाळू आवाज. कुठल्याही गाडीचा असतो तसा.

अर्ध्या तासाने बारक्या परत आला. गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. मिस्त्री जाऊन शेजारच्या सीटवर बसला. दार ओढून घेतलं.

“हलका आहे,” बारक्या म्हणाला.

“म्हटलं ना.”

“दादा, तुझ्याकडे गाडी सोडली ना, त्याच्या आदल्या दिवशी मी एक केलं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि क्लच उजव्या पायाने दाबून बघितला.”

मिस्त्री समोरच्या काचेतून भिंतीवर टांगलेले पाने बघत राहिला. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले.

“लोण्यासारखा खाली गेला,” बारक्या म्हणाला. “मग डाव्याने दाबला. मग परत उजव्याने. दहा-बारा वेळा केलं असेल. त्याच्या आधी जिन्यात दोनदा पडलो होतो, ते मी वर कुणाला सांगितलं नाही. तरी म्हटलं, दादाकडे सोडू गाडी. त्याला सापडेल काहीतरी. तुला नेहमी सापडतं.”

“बारक्या.”

“आणि आज तू म्हणालास, माझं चुकलं. तेव्हाच मला कळलं.” त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “अण्णा पायरीवरून पडले नव्हते ना?”

तेहतीस वर्षं गिळून ठेवलेलं मिस्त्रीने मग त्या बंद गाडीत बसून सांगितलं. बसचा क्लच सांगितला, डेपोतलं हसणं सांगितलं, उंबरा, काठी, खुर्ची, डॉक्टरांनी फाइल मिटताना काय म्हटलं ते सांगितलं. आईने दारात काय बजावलं तेही.  बारक्याचा डावा पाय पेडलाजवळ जमिनीवर होता आणि मिस्त्रीला तिकडे बघवत नव्हतं.

“किती वर्षं?” शेवटी बारक्याने विचारलं.

“चार.”

“मला खुर्चीतलेच आठवतात. चालताना आठवतच नाहीत.”  मग काहीतरी जुळल्यासारखा हळूच म्हणाला, “म्हणून तू लग्न केलं नाहीस.”

मिस्त्रीने मान हलवली.

“ग्रीसचा वास म्हणे. आम्ही हसायचो.” बारक्याचा आवाज चढला नव्हता, उलट आणखी खाली गेला होता. “पोरं नकोत म्हणून तू एकटा राहिलास. तुला माहीत होतं. आणि माझ्या लग्नात सगळ्यांपेक्षा जास्त तूच नाचलास.”

मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की आईला शब्द दिला होता. तू इतका खूश होतास. मला वाटलं, झालं तर आधी मलाच होईल, मी मोठा आहे. प्रत्येक गाडीबरोबर त्याच्याकडे एक कारण तयार असायचं. आज एकही तोंडातून बाहेर येईना.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. या वेळी ते पाठ केलेलं नव्हतं.

बारक्याने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने किल्ली काढली, तळहातावर ठेवली आणि तो हात भावापुढे धरला. मिस्त्री ती घेईना, तेव्हा त्याने ती त्याच्या मांडीवर ठेवली.

“पैज,” तो म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावर धपधप आवाज झाला. चिमी वरून येत होती. सुटीच्या दिवशी गाडी परत आली की एक चक्कर तिची असायची, हे ठरलेलं होतं. शेवटची पायरी उतरून ती गॅरेजच्या फरशीवर आली आणि फरशीच्या रेघा चुकवत एका पायावर उड्या मारत गाडीकडे यायला लागली. तोंडाने मोजत होती. सात, आठ, नऊ. उजवा पाय तिने मागे हाताने धरला होता.

गाडीत बसलेले दोघं भाऊ तिच्या डाव्या पायाकडे बघत होते.